एकाच पाण्यात

नववीच्या वर्गात तरंगांचा पाठ सुरू करताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो : लाट तुम्ही पहिल्यांदा कुठे पाहिलीत? आमची शाळा मुंबईच्या उपनगरातली. त्यामुळे जुहू, वर्सोवा, मार्वे, अक्सा अशी उत्तरे यावीत ही अपेक्षा. आणि तशी ती येतातही. पण गेली वीस-पंचवीस वर्षे आणखी एक उत्तर त्यांच्या आधी येऊ लागले आहे : “गोराईला, वॉटर पार्कमध्ये!” खरा समुद्र रिक्षाच्या अंतरावर असताना मुलांची पहिली लाट मात्र यंत्रातून आलेली. प्रथम ऐकले तेव्हा आम्हाला हसू आले. मग लक्षात आले, की आमच्यापैकी एकीच्या बाबतीतही नेमके हेच घडले होते.

१९९९ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही दोघेही शिक्षक, लग्नाला तीन वर्षे झालेली, मुलुंडला दोन खोल्यांत आई-वडील आणि धाकट्या भावासह संसार. नवरा-बायकोने दोघांनीच एक दिवस कुठेतरी जाऊन यावे हा बेत तीन वर्षे पुढे ढकलत आणलेला. शेवटी एका रविवारी निघालो. नकाशात मुलुंड आणि बोरिवली एकमेकांना पाठ लावून बसलेली आहेत. मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. पण डोंगरातून रस्ता नसल्याने आधी दक्षिणेला दादर, तेथे गाडी बदलून पुन्हा उत्तरेला बोरिवली, पुढे बसने खाडीचा धक्का आणि मग बोट. गोराईचे वॉटर किंगडम आदल्याच वर्षी, १९९८ मध्ये सुरू झाले होते. त्याच्या शेजारचे एस्सेलवर्ल्ड १९८९ पासूनचे. आज ते बंद झाले आहे, पण त्याची दूरदर्शनवरची जाहिरात तेव्हा प्रत्येक मुलाला पाठ होती.

दिवस मजेत गेला हे सांगायला लेख लिहायची गरज नव्हती. लाटांच्या तलावात कमरेइतक्या पाण्यात उभे असताना भोंगा वाजला, लोकांनी आरडाओरडा केला आणि पहिली लाट आली. आमच्यापैकी एकाला गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलेले होते. दुसरीने घोट्याच्या वर पाणी कधी अनुभवलेच नव्हते. तिने विचारले, “अहो, पण ही लाट येते कुठून?” विज्ञानाच्या शिक्षकाला उत्तर देता आले नाही. परत आल्यावर ते शोधायला बसलो, आणि एका प्रश्नाचे चार प्रश्न झाले. लाट कुठून आली हा त्यांतला सर्वांत सोपा होता. नवरा आणि बायको, सुटीच्या दिवशी, शेकडो अनोळखी माणसांसह एकाच पाण्यात उभे राहू शकतात, हे कुठून आले हा अवघड.

रविवार कोणी दिला?

आधी सुटीचे पाहू. शेतकऱ्याला सण होते, अमावास्या होती, बैलाला विश्रांती देण्याचे दिवस होते. सात दिवसांनी येणारी ठरावीक सुटी नव्हती. मुंबईत १८५० च्या दशकात कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम हा नियम झाला. यंत्रे स्वच्छ करायची तेवढा वेळ गिरणी बंद राहायची, आणि ती स्वच्छ करायला पुन्हा कामगारच यायचा.

महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून हजारो सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातली एक प्रमुख मागणी म्हणजे रविवारची पूर्ण सुटी. मालकांनी बराच काळ दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्यात आठवड्याच्या सुटीची तरतूद आली. शनिवार मात्र फार उशिरा आला : महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासूनचा आहे. शाळांना तो अजूनही नाही, हे जाता जाता!

रेसकोर्सवर बोललेल्या त्या दोघींची भाषणे आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीत. वर्गात रविवारचा विषय निघाला तर त्या दोघींचा उल्लेख जरूर करावा. सुटी म्हणजे पुरुषाची विश्रांती आणि बाईचे धुणे, असा अर्थ पुढे पुष्कळ वर्षे राहिला. पण ती मागणाऱ्यांत त्याही होत्या.

डोंगरातले पाणी

सुटी मिळाली तरी जायचे कुठे, आणि कशाने? कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी ५ जानेवारी १९२८ रोजी सुरू झाली. अंधेरी, घाटकोपर १९५० मध्ये आणि बोरिवली, मुलुंड १९५७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. त्यापूर्वी ही गावे होती आणि शहरातली मंडळी हवापालटासाठी तिकडे जात. बोरिवलीला उतरून कान्हेरीची लेणी पाहायची, ही मुंबईकरांची जुनी सहल.

कान्हेरीला मुलांना घेऊन जाणारे शिक्षक बहुधा मूर्ती आणि चैत्यगृह दाखवतात. आमची सूचना अशी की लेण्यांच्या दारातल्या टाक्यांपुढे दहा मिनिटे थांबावे. शंभराहून अधिक लेणी, इसवीसनाच्या सुरुवातीच्या सुमारापासून जवळजवळ हजार वर्षे वापरात राहिलेली, आणि बहुतेक लेण्यांपाशी कातळात खोदलेले पाण्याचे टाके. उतारावरून येणारे पावसाचे पाणी कातळातल्या बारीक पन्हळींनी या टाक्यांत उतरते. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ असा शब्द आहे. कल्याण, सोपारा येथील व्यापारी ‘पाण्याची पोढी’ दान केल्याचे कोरून ठेवतात, आणि अशा दानांत घरच्या माणसांनाही पुण्याचे वाटेकरी करून घेतात. नवरा-बायकोने बोरिवलीच्या पाण्यावर खर्च करण्याची परंपरा अशी बरीच जुनी आहे. फक्त ते पाणी दुसऱ्याला पिण्यासाठी होते.

त्याच डोंगरांत इंग्रजांनी मुंबईसाठी तलाव बांधले : विहार १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये आणि १८९० च्या सुमारास पवई. पवईचे पाणी पिण्यालायक ठरले नाही, म्हणून तो तलाव माशांना, गळ टाकणाऱ्यांना आणि पुढे संध्याकाळी काठावर बसणाऱ्या जोडप्यांना मोकळा राहिला. घाटकोपर आणि अंधेरी यांच्या अगदी मधोमध असल्याने दोन्हीकडच्यांना तो सोयीचा होता. पण काठावरच. आत मगरी आहेत. विहार-तुळशीच्या पाण्यात पाय बुडवायलाही मनाई, आणि ती योग्यच. शहर ते पाणी पिते.

आता समुद्र. जुहूच्या वाळूत भेळ खाता येते, पण शहराचे सांडपाणी जेथे मिळते तेथे डोके बुडवावेसे वाटत नाही. मालाडच्या अक्सा किनाऱ्यावर बुडून मेलेल्यांच्या बातम्या दरवर्षी वाचतो. फुटलेल्या लाटेचे पाणी परत समुद्राकडे जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने ओढले जाते. या ओढीत सापडलेला माणूस किनाऱ्याकडे सरळ पोहू पाहतो आणि दमतो. किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडायचे असते, हे मुलांना सांगितलेच पाहिजे. अर्थात ज्याला पोहता येते त्यालाच हे उपयोगी.

उरली घरातली मोरी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दीड हात उंचीचा कट्टा, पहाटे तास-दीड तास येणारे पाणी, एक बादली, एक तांब्या. उपनगरातल्या लाखो माणसांचा पाण्याशी रोजचा संबंध एवढाच होता. अंग पाण्यात पूर्ण बुडणे ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात कधी येतच नसे. लाटांच्या तलावात माणसे नुसती उभी राहून हसतात, काहीच करत नाहीत, अशी टीका आम्ही ऐकली आहे. टीका करणाऱ्याने बहुधा कट्ट्याच्या मोरीत उभ्याने आंघोळ केलेली नसावी.

कोणी कोणाबरोबर उतरावे?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाणी ही वाटून घेण्याची वस्तू आहे, पण अंगाला लागलेले पाणी दुसऱ्याच्या अंगाला लागणे ही प्रत्येक समाजात नाजूक बाब राहिलेली आहे.

सातवाहन काळातल्या हाल राजाच्या नावे असलेल्या गाथासंग्रहात गोदावरीत न्हाणाऱ्या स्त्रियांची आणि त्यांना पाहणाऱ्या प्रेमिकांची चित्रे पुष्कळ आहेत. त्यानंतरच्या शतकांत मात्र आपल्या नद्यांवर बायकांचा घाट वेगळा, पुरुषांचा वेगळा. नवरा-बायको एकत्र पाण्यात उतरत ते तीर्थावर, उपरण्याला पदराची गाठ मारून, तीन बुड्या मारण्यापुरते. इंग्लंडातही फार वेगळे नव्हते. एकोणिसाव्या शतकात तिथल्या समुद्रकाठांवर स्त्री-पुरुषांच्या न्हाण्याच्या जागा वेगळ्या असत आणि बायका चाकांच्या लाकडी खोलीत बसून पाण्यापर्यंत ओढत नेल्या जात. बेक्सहिल या गावाने १९०१ मध्ये एकत्र न्हाण्याला परवानगी दिली ती मोठीच बातमी ठरली.

अमेरिकेचा अनुभव अधिक बोलका आहे. उत्तरेकडच्या शहरांत नगरपालिकांचे पोहण्याचे तलाव जोवर स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळ्या दिवशी असत, तोवर गोरे आणि काळे कामगार त्यांत एकत्र उतरत. १९२० च्या दशकात स्त्री-पुरुषांना एकत्र प्रवेश मिळू लागला, आणि नेमका तेव्हाच काळ्यांना मज्जाव सुरू झाला. एक भिंत काढली म्हणून दुसरी बांधली. पुढे न्यायालयांनी ही दुसरी भिंत पाडल्यावर अनेक गोऱ्या कुटुंबांनी सार्वजनिक तलाव सोडले आणि खाजगी क्लबांत किंवा घरामागच्या तलावांत जाऊ लागली.

आपल्याकडची भिंत कोणती हे शिक्षकांना सांगायला नको. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी घागरींनी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. खटला दहा वर्षे चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क मान्य केला. त्याच १९२७ साली युरोपात बुडापेस्टच्या गेलेर्ट स्नानगृहात यंत्राने लाटा उठवणारा तलाव सुरू झाला, जो आजही प्रसिद्ध आहे. मुंबईत तेव्हा ब्रीच कँडीचा पोहण्याचा तलाव होता, पण तो युरोपियनांपुरता; स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे तिथे भारतीयांना मोकळा प्रवेश नव्हता.

आणि स्त्रिया? १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या डॉली नझीर आणि बंगालच्या आरती साहा पोहल्या. आरती साहा यांनी १९५९ मध्ये इंग्लिश खाडीही पार केली. या थोर अपवाद. आमच्या आठवणीतल्या पोहण्याच्या तलावांत ‘महिलांची वेळ’ असे, बहुधा दुपारची, म्हणजे स्वयंपाक उरकल्यानंतरची. जोडप्याने एकत्र पोहायला जावे अशी सोय क्वचितच असे.

या पार्श्वभूमीवर गोराईच्या तलावातली गर्दी पाहावी. सासू-सून, नवरा-बायको, महाविद्यालयातली मुले, घाटकोपरचे कापड व्यापारी, बोरिवलीचे बँक कर्मचारी; सगळे एका पाण्यात, खांद्याला खांदा लावून. कोणाची जात कोणी विचारत नाही. दारावर विचारतात ते पैसे. आमच्या त्या दिवसाला दोघांच्या पगाराच्या मानाने बराच खर्च आला आणि पुढची तीन वर्षे आम्ही पुन्हा गेलो नाही. आमच्या शाळेत पाणी भरणाऱ्या मावशी तिकडे एकदाही गेल्या नाहीत. तिकीट ही भिंत जातीच्या भिंतीपेक्षा बरी, असे आमचे मत आहे; ती ओलांडता येते. पण ती भिंत नाही असे म्हणवत नाही.

लाट येते कुठून

आता मूळ प्रश्न. करमणुकीसाठी पाण्याचा उपयोग अमेरिकेत आधी घसरगुंडीतून आला. पॉल बॉयटन हा रबरी पोशाख घालून नद्या आणि इंग्लिश खाडी पार करणारा जलतरणपटू. त्याने १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर कुंपण घालून, तिकीट लावून एक उद्यान उघडले. सपाट तळाची होडी उंच उतारावरून सुटून तळ्यात आदळे आणि पाण्यावर उसळ्या घेत जाई. तरुण-तरुणींना एकमेकांना धरून बसावे लागे, आणि हेच त्या होडीच्या लोकप्रियतेचे अर्धे कारण होते, असे तिचा इतिहास लिहिणारे सांगतात.

यंत्राच्या लाटा जर्मनीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आल्या. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात, टेम्पी येथे, ‘बिग सर्फ’ हा मोठा तलाव उघडला. त्यात एका उंच टाकीतले पाणी तळाच्या झडपांतून एकदम सोडून लाट उठवत. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्यांना समुद्र हवा होता, तो त्यांनी विकत घेतला. घसरगुंड्या, लाटांचा तलाव आणि संथ वाहणारी कृत्रिम नदी हे सारे एका आवारात आणण्याचे श्रेय जॉर्ज मिले याला देतात. त्याचे उद्यान फ्लोरिडातल्या ओरलँडो येथे १९७७ मध्ये सुरू झाले. भारतातली जलोद्याने याच नमुन्याची.

आजच्या बहुतेक तलावांत लाट हवेने उठवतात. तलावाच्या खोल टोकाला भिंतीआड बंद खोल्या असतात. त्यांचा तळ तलावाला खुला असतो, वरचा भाग हवेने भरलेला. मोठा पंखा खोलीत हवा दाबतो, खोलीतले पाणी खाली ढकलले जाऊन तलावात शिरते. झडप उघडली की हवा सुटते आणि पाणी परत खोलीत चढते. काही सेकंदांच्या ठरावीक अंतराने हे चालू राहते. झोपाळ्याला योग्य क्षणी धक्का देत राहिले की झोका वाढतो, तसेच हे. ग्लासात बुडवलेल्या सरबताच्या नळीत फुंकर मारून आणि सोडून हा प्रयोग वर्गात करता येईल. पसरट काचेच्या भांड्यात तो आणखी चांगला दिसतो.

पण ही झाली फुगवटी. तिची लाट करतो तो तलावाचा उतरता तळ. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर अवलंबून असतो : गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढावे. खोली २ मीटर असेल तर ९.८ × २ = १९.६, वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर. खोली अर्धा मीटर झाली की वेग निम्मा, २.२ मीटर. पुढची बाजू मंदावते, मागून येणारी ऊर्जा तेवढीच. म्हणून लाटेची उंची वाढत जाते. उंची खोलीच्या सुमारे तीन-चतुर्थांशाला पोचली की लाट फुटते. २ मीटर खोलीवर ५० सेंटिमीटर उंचीची लाट असेल, तर या हिशोबाने ती साधारण ८० सेंटिमीटर खोलीवर फुटेल, म्हणजे मोठ्या माणसाच्या मांडीपर्यंत पाणी असते तेथे. सर्वाधिक गर्दी आणि सर्वाधिक किंकाळ्या याच रेषेवर असतात, हे कोणत्याही तलावात पाहून घ्यावे. त्या रेषेच्या पलीकडे, खोल पाण्यात, माणूस वर जातो, खाली येतो आणि जवळजवळ जागच्या जागी राहतो. पाणी पुढे जात नाही, तरंग पुढे जातो, हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत होतो. त्या दिवशी ते पोटात कळले.

शेकडो माणसे एका पाण्यात उभी असताना रोग पसरत नाहीत याचे कारण क्लोरीन. पिण्याच्या पाण्यात तो सातत्याने घालण्याची सुरुवात अमेरिकेत १९०८ मध्ये जर्सी सिटीला झाली. १९१० मध्ये तेथल्याच ब्राउन विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावात तो वापरला गेला. पाण्याचा सामू वाढला की क्लोरीनची मारक शक्ती झपाट्याने घटते, सामू ७.५ असताना निम्मा क्लोरीन प्रभावी रूपात असतो, ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून तलावाचा सामू साडेसातच्या आसपास राखतात. तलावावर नाकाला झोंबणारा वास क्लोरीनचा नव्हे. क्लोरीनचा घाम आणि मूत्र यांच्याशी संयोग होऊन बनणाऱ्या क्लोरामाइनांचा तो वास. वास फार येत असेल तर पाणी ‘फार शुद्ध’ आहे असे समजू नये! ग्रामपंचायतीचा कर्मचारी विहिरीत टीसीएल पावडर टाकून नंतर ओटी चाचणीने पाणी पिवळे होते का पाहतो, तो याच शास्त्राचा भाग. महाडचे तळे शुद्ध करणाऱ्यांना शुद्धी म्हणजे काय वाटत होते आणि त्या कर्मचाऱ्याला काय वाटते, हे शेजारी शेजारी मांडून वर्गात एक तास सहज घेता येईल.

अशा उद्यानांत सुती कपड्यांना मनाई का, हेही सांगून टाकू. सुती धाग्याचे तंतू सुटतात आणि गाळणीत अडकतात, आणि सूत खूप पाणी धरते. वर्गात सारख्याच आकाराचा सुती आणि नायलॉनचा तुकडा कोरडा असताना तोलावा, भिजवून, निथळून पुन्हा तोलावा. भिजलेली सहावारी साडी नेसून घसरगुंडीवरून येणे धोक्याचेच. नायलॉनचा शोध १९३५ चा, लायक्राचा १९५८ चा. म्हणून भाड्याच्या नायलॉनच्या कपड्यात दारातून बाहेर पडताना आमच्यापैकी एकीला जो संकोच वाटला, तोही विसाव्या शतकाचाच म्हणायचा. पहिली पाच मिनिटे तिने अंगाभोवती पंचा घट्ट धरून ठेवला होता. मग पाहिले, तर आजूबाजूच्या सगळ्या बायकांचा वेश तोच होता, आणि त्यांतल्या निम्म्या आपापले पंचे शोधत होत्या.

खाडीपलीकडचे पाणी

गोराई, मनोरी, उत्तन हा सारा पट्टा म्हणजे जुने धारावी बेट. झोपडपट्टीची धारावी ही नव्हे. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतलेला धारावीचा किल्ला इथला. कोळी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, वारली पाड्यांतले आदिवासी, भाजीचे मळे, खारफुटी. महापालिकेच्या शहराला लागून असूनही खाडीमुळे तुटलेला हा भाग. इथली गावे वर्षानुवर्षे पाण्यासाठी विहिरींवर आणि टँकरवर अवलंबून राहिली. उद्यानाच्या शेजारी आता विपश्यनेचा भव्य पॅगोडा आहे. त्याचे उद्घाटन २००९ मध्ये झाले; एका बाजूला मौन आणि दुसऱ्या बाजूला आरोळ्या, असा तो शेजार आहे.

पाण्याची टंचाई आणि पाण्याची मौज यांचा हिशेब मांडायला हवा. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. त्याच एप्रिल महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. जलोद्यानांवरही तेव्हा बरीच टीका झाली. आकड्यात पाहू. तलावातले पाणी गाळून, क्लोरीन घालून पुन्हा वापरतात, रोज बदलत नाहीत. खरी घट बाष्पीभवनाची, उडणाऱ्या पाण्याची आणि गाळण्या धुण्याची. एक हजार चौरस मीटरच्या तलावातून उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाण्याची वाफ झाली असे धरू. म्हणजे ५००० लिटर. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरले तर हे ३७ माणसांचे पाणी. मराठवाड्यातल्या उसाच्या शेताशी तुलना केली तर हे काहीच नाही. खाडीकाठच्या पाड्यातल्या, हंडा घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या बाईशी केली, तर आहे. दोन्ही तुलना खऱ्या आहेत. मुलांकडून दोन्ही करून घ्याव्यात.

परतीच्या वेळी खाडीला ओहोटी लागली होती. बोट धक्क्याला लागायला वेळ लागत होता आणि चिखलात खेकडे दिसत होते. नायलॉनचे भाड्याचे कपडे परत दिले होते, पण पिशवीतला सुती पंचा अजून ओलाच होता. “पोहायला शिकायचे,” ती म्हणाली. घरी आल्यावर जवळच्या तलावात चौकशी केली. महिलांची वेळ दुपारी दोन ते तीन. तिची शाळाही दुपारची. चार वर्षांनी तिला सकाळचे सत्र मिळाले, तेव्हा ती शिकली. पहिल्या दिवशी तिच्याबरोबर सहा जणी होत्या, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या बाईंचे वय साठ होते.